बर्फ पडला, पडलं की ‘पडून राहिली होती’?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचकाने प्रवासवर्णनातली चार पानं पाठवली आहेत. ऑक्टोबरात ते हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आले, मुक्काम तिथल्या काझा गावात. ‘काझ्यात रात्रभर बर्फ पडून राहिली होती’ हे त्यांचं वाक्य पुण्याच्या आत्याने लाल शाईने खोडलं. लिंग चुकलं, क्रियापद चुकलं, शिवाय ‘बर्फ काय म्हणतोस, हिम म्हण.’ आता खरं कोणाचं, असं ते विचारतात.

लिंगाबाबत आत्यांचं ऐका. मराठीत ‘बर्फ पडला’ चालतं, ‘बर्फ पडलं’ही चालतं. ‘पडली’ हे हिंदीचं. ‘बर्फ गिर रही है’ ऐकत वाढलेल्या नागपूरकराच्या तोंडी ते येणारच, आणि सदरच्या चौकात त्यावरून कोणी अडवणार नाही. लिहिताना मात्र पडला किंवा पडलं यांतलं एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. तुमच्याकडे चार पानांत तिन्ही लिंगं आहेत.

क्रियापदाबाबत मी तुमच्या बाजूने. पाऊस येऊन राहिला, पोरगं रडून राहिलं, काय करून राहिला बे, हा आपल्याकडचा चालू काळ आहे आणि तो नियमाने चालतो. त्याला चूक म्हणणं म्हणजे अख्ख्या वऱ्हाड-नागपूरला चूक म्हणणं. अडचण वेगळीच आहे. पुण्याकडे ‘पडून राहणं’ म्हणजे हललं नाही, तिथेच राहिलं. फाईल टेबलावर पडून राहते, धान्य गोदामात पडून राहतं. तेव्हा तुमच्या वाक्यात आत्यांना आभाळातून उतरणारा बर्फ दिसलाच नसेल, अंगणात साचलेला दिसला असेल. बर्फाच्या बाबतीत दोन्ही खरं असतं म्हणा! पाऊस पडतो आणि वाहून जातो, बर्फ मात्र पडतो आणि पडून राहतो. सगळीकडच्या वाचकांसाठी लिहीत असाल तर ‘रात्रभर बर्फ पडत होता, सकाळी तसाच पडून होता’ असं करा. निवेदकच नागपुरी बोलणारा असेल तर शब्दालाही हात लावू नका.

‘हिम’चा आग्रह मला पटत नाही. जोडशब्दांत ते घट्ट बसलं आहे: हिमनदी, हिमनग, हिमरेषा, हिमदंश. तिथे बर्फ घालता येत नाही. पण ‘अंगणात हिम पडलं होतं’ हे वाक्य इस्त्री करून आल्यासारखं वाटतं. घरात आपण हिम वापरतो ते झिजलेल्या रूपात: हीव, हिवाळा, हिवताप. त्यात बर्फ कुठेच नाही, नुसती थंडी आहे. उलट ‘बर्फ’ फारसीतून आला आणि फारसीत त्याचा मूळ अर्थ आभाळातून पडणारा तोच. पाणी गोठून झालेल्याला तिथे ‘यख’ हा वेगळा शब्द आहे. आपल्याला तो भेटला लादीच्या आणि गोळ्याच्या रूपात, म्हणून आपल्या कानाला तो टणक वाटतो. भुसभुशीत बर्फ, ताजा बर्फ, घट्ट बर्फ, निसरडा बर्फ, अशी विशेषणं लावली की काम होतं. नळातलं पाणी मात्र ‘थिजलं’ नको, ‘गोठलं’ हवं. थिजतं ते तूप. आणि होमस्टेच्या मावशी चुलीवर बर्फ ‘विरघळवत’ नव्हत्या, ‘वितळवत’ होत्या, विरघळते साखर.

आत्यांच्या नजरेतून सुटलेला एक शब्द मला जास्त खटकला, तो म्हणजे ‘ओसाड डोंगर’. ओसाड म्हटलं की आधी तिथे वस्ती होती, मग ती उठली, असा वास येतो. गाव ओसाड पडतं, वाडा ओसाड पडतो. स्पिती पर्जन्यछायेत आहे, मॉन्सूनचे ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात, त्यामुळे त्या डोंगरांवर उजाड होण्यासारखं रान मुळात नव्हतंच. ‘उघडेबोडके’ म्हणा. ‘दुर्गम’ चालेल, पण आपल्या वर्तमानपत्रांनी तो भामरागडला इतका चिकटवला आहे की शब्द वाचला तरी गडचिरोलीच आठवते.

‘तिथले लोक साधी जीवनशैली जगतात’ हे खोडाच. शैली कोणी जगत नाही. छपरावर शेणी, घरात एक बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, आणि तिच्याभोवती झोपणारं सगळं कुटुंब हे तुम्ही लिहिलंच आहे. ‘त्यांचं मोजक्यात भागतं’ एवढं पुरे.

राहता राहिलं ‘कुंझुमला खिंड’. त्या भागातल्या भाषांत ‘ला’ म्हणजेच खिंड, तेव्हा पुढची खिंड उडवा. ‘ला’ सुटा लिहा, नाहीतर तो आपला चतुर्थीचा प्रत्यय वाटतो. मी ‘कुंझुम ला ओलांडली’ लिहीन, कारण माझ्या मनात खिंड असते. तुमच्या मनात घाट असेल तर ओलांडला लिहा, आत्यांनी लाल खूण केली तरी.