दूरचा कुऱ्हाडीचा घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. मग समोरच्याचे ओठ आणि शब्द एकाच वेळी कसे जाणवतात?

परभणीकडच्या मोकळ्या शिवारात बाभूळ तोडणारा माणूस 340 मीटरवर असेल, तर घावाचा आवाज साधारण एका सेकंदाने पोहोचतो आणि एवढा फरक मेंदूला झाकता येत नाही. समोरासमोर बोलताना मात्र गंमत उलटी असते: डोळ्यातील रासायनिक प्रक्रिया कानातील यांत्रिक प्रक्रियेपेक्षा संथ असल्यामुळे आवाजाचा संदेश मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) आधी पोहोचतो, तरीही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासचे अंतर मेंदू सहसा एकच घटना मानून जोडून टाकतो. ही जोडणी किती पक्की असते, हे 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले. ‘बा’ ऐकवून ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवल्यास अनेकांना चक्क ‘दा’ ऐकू येते, आणि डोळे मिटताच पुन्हा ‘बा’.