हँडल फिरवून हात गेले, आइस्क्रीम काही झालं नाही

मे महिना लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत लोणच्यापेक्षा पॉटच्या आइस्क्रीमचेच प्रश्न जास्त निघतात. पॉट म्हणजे लाकडी बादली, तिच्यात बर्फ-मीठ, मधे दुधाचा डबा आणि फिरवायला हँडल. यंदा त्यातले पाच घेतलेत. निम्मी जागा पहिल्यालाच जाणार, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : सासूबाईंचा लाकडी पॉट माळ्यावरून काढला. तीन लिटरचा आहे. पाच किलो बर्फ आणला, त्यात दोन-तीन मुठी मीठ घातलं. दूध आटवलं, साखर आणि आमरस घातला आणि कोमट असतानाच डबा काठोकाठ भरला. घरातली सात माणसं दीड तास आळीपाळीने हँडल फिरवत होती. पाणी साचलं की बादली कलती करून ओतून टाकत होतो. एवढं करून आत दूध ते दूधच! तेच फ्रीजरमध्ये ठेवलं तर सकाळी दगड. पॉट बिघडलाय का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : पॉटला काहीही झालेलं नाही, ताई. तुम्ही चार चुका केल्यात आणि त्यातली एक मीही केलेली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात साताऱ्याला सासरी पॉट काढला होता. सगळ्यांवर छाप पाडायची म्हणून मी पुढे. बर्फ वितळून बादलीत पाणी झालं की मला वाटे, हे आता निकामी, काढून टाकावं. दोनदा ओतलं. सासरे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, बोलायला तोडून. ओसरीवरून म्हणाले, "अगं, ओततेस काय? थंडी त्या पाण्यातच आहे."

खरंच तिथेच असते. साधा बर्फ वितळला की त्याचं पाणी शून्य अंशावर असतं. साखर घातलेलं दूध शून्याला गोठतच नाही, ते उणे अडीच-तीन अंशांच्या आसपास गोठायला लागतं. म्हणजे नुसत्या बर्फात तुम्ही गणपतीपर्यंत हँडल फिरवलंत तरी ते दूधच राहणार. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मिठाचं प्रमाण शेकडा तेवीसच्या घरात गेलं तर ते पाणी उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. बर्फाच्या खड्यांमध्ये फटी असतात, ते डब्याला इथेतिथे टेकतात. खारं पाणी मात्र डब्याला चहूबाजूंनी चिकटून असतं. तुम्ही ते ओतलंत, म्हणजे सगळी कमाई मोरीत गेली.

दुसरी चूक मिठाची. दोन-तीन मुठी मीठ कोशिंबिरीला ठीक. तीन लिटरच्या पॉटला सात किलो बर्फ आणि सव्वा किलो मीठ धरा, तेही खडेमीठ. बारीक मीठ झरकन विरघळून तळाला जातं. बर्फ गोणपाटात बांधून बत्त्याने फोडा, आवळ्याएवढे खडे झाले पाहिजेत. मग तीन-चार बोटं बर्फ, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असे थर डब्याच्या झाकणाच्या खालपर्यंत. हाताशी थोडा बर्फ आणि थोडं मीठ राखून ठेवायचं, मधे भर घालावी लागते.

तिसरी, कोमट दूध. त्याला नुसतं गार करण्यातच तुमचा बराच बर्फ संपला. मिश्रण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवायचं. यात आळस करणाऱ्याला मी पॉटला हात लावू देत नाही. चौथी, काठोकाठ भरणं. फिरवताना मिश्रणात हवा शिरते आणि ते फुगतं, म्हणून तीन लिटरच्या डब्यात दोन लिटर, फार तर एखादी वाटी जास्त.

आता माझं प्रमाण. दीड लिटर म्हशीचं दूध आटवून सव्वा लिटर करायचं. दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर थोड्या गार दुधात कालवून त्यात घालायची, मिश्रण चमच्याच्या पाठीला धरेल इतपत शिजवायचं. साखर पावणेतीनशे ग्रॅम. पूर्ण गार झाल्यावर पाव लिटर घोटलेली साय. दुसऱ्या दिवशी पॉटमध्ये ओतताना दोन मोठ्या वाट्या हापूसचा रस, तोही फ्रीजमधला. चव घेताना थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, थंडीत जिभेला गोडी कमी कळते.

फिरवायला बसलात की पहिली दहा मिनिटं हँडल पोरासोरांना द्या, त्यांना तेवढंच झेपतं. आत नुसतं डचमळत असतं आणि बाहेर बर्फ खडखडत असतो. घाई नको, पण हात थांबू द्यायचा नाही. डब्याच्या आतल्या भिंतीला जो पातळ थर गोठतो तो आतली पाती खरवडून मधे ढकलते, पुन्हा नवा थर, पुन्हा खरवडणं. सगळी करामत याच्यात आहे. खरवडलेले कण बारीक राहतात, म्हणून जिभेला मऊ लागतं. तुमच्या मिश्रणाला फ्रीजरमध्ये कुणी हलवलंच नाही, म्हणून मोठाले स्फटिक झाले आणि दगड हाती आला.

पंधराव्या मिनिटाच्या आसपास डचमळ बंद होते. मग हँडल जड होत जातं, आणि एका क्षणी असं वाटतं की आतून कुणीतरी ते मागे ओढतंय. त्या वेळी मोठं माणूस बसवायचं आणि वेग थोडा वाढवायचा. आमच्याकडे पॉट हलू नये म्हणून वर घडी घातलेली गोधडी टाकून धाकट्या दिरांना बसवत. खालून थंडी लागली की ते ओरडायचे, त्यांना उतरू दिलं जायचं नाही. पंचवीस-तीस मिनिटांत हँडल अडायला लागतं. तिथे थांबा. जोर करून दातेरी चाकाचे दात मोडणारे महाभाग मी पाहिलेत.

झाकण काढण्याआधी वरचा बर्फ आणि खारं पाणी फडक्याने स्वच्छ पुसा. पाती काढा (ती चाटायला कुणाला द्यायची, यावरून होणारं भांडण तुम्ही निस्तरा), आइस्क्रीम दाबून बसवा, झाकणाच्या भोकात बूच घाला. बादलीत ताजा बर्फ आणि या खेपेला थोडं सढळ हाताने मीठ भरून गोणपाट पांघरा. दीड-दोन तास हात लावायचा नाही.

आणि एक. पॉट माळ्यावरचा आहे, म्हणजे बादलीच्या फळ्या सुकून फटी पडल्या असणार. आदल्या रात्री पाणी भरून ठेवा, लाकूड फुगून फटी मिटतात. आतला डबा पितळेचा असेल तर कल्हई बघा. कल्हई उडालेल्या डब्यात आमरसाचं मिश्रण कळकेल.

प्रश्न : आमच्या पॉटचं आइस्क्रीम दर वेळी खारट होतं. झाकण तर घट्ट आहे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बादलीला वरच्या अंगाला एक भोक असतं, डब्याच्या झाकणाच्या थोडं खाली. त्यात बर्फाचा खडा किंवा गोणपाटाचा धागा अडकला असणार. पाणी तिथून बाहेर पडलं नाही की चढत चढत झाकणावरून आत शिरतं. मधूनमधून तिथे काडी घालून बघत जा. मिरजेच्या ताईंना मी पाणी ओतू नका म्हटलं, ते तळातलं. या भोकातून आपोआप जाईल तेवढं जाऊ द्यायचं.

बादलीत कुठलाही बर्फ चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. 2018 पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम आहे. तो बर्फ बाहेरच्या बादलीतच जाणार, मग काय बिघडलं, असं वाटेल. पण तुमच्याकडे पाणी आत शिरतंय, म्हणजे तो निळा बर्फही आत जाणार. पांढराच आणा.

प्रश्न : जीएमएस आणि सीएमसी पावडर घालून मिक्सरमधून काढलेलं आइस्क्रीम मैत्रिणीकडे खाल्लं, छान होतं. पॉटमध्येही ते घालावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घातलं तर काही पाप लागत नाही. जीएमएसमुळे स्निग्धांश आणि पाणी एकजीव राहतं, सीएमसी पाणी धरून ठेवतं आणि बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. मिक्सरच्या आइस्क्रीमला गोठताना कुणी ढवळत नाही, म्हणून त्याला या दोघांचा आधार लागतो. पॉटमध्ये ते काम पाती करते. मी घालत नाही, मला त्याचा बुळबुळीतपणा जिभेवर जाणवतो. घरात बाकी कुणालाही जाणवत नाही, हेही खरं.

प्रश्न : घरचं आइस्क्रीम बाजारच्यापेक्षा जड का लागतं? माझं काही चुकतंय का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : चुकत नाही, तुम्ही हवा कमी विकताय. बाजारचा एक लिटरचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान 525 ग्रॅम असलं की पुरतं. म्हणजे निम्म्याच्या आसपास हवा असली तरी कायद्याला चालतं. हाताने फिरवताना तेवढी हवा शिरतच नाही. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेलं असू शकतात, तेही वाचून घ्या. आइस्क्रीम म्हणवून घ्यायचं तर दुधाचा स्निग्धांश किमान दहा टक्के लागतो.

तुमच्या यजमानांचं म्हणणं, की हा पॉट इंग्रजांनी आणला आणि तो कुणा साहेबाच्या डोक्यातून निघाला. इंग्रजांचं ते बघून घेतील, पण साहेबाचं राहू द्या. हँडलच्या पॉटचं पेटंट 1843 साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतलं. एवढं त्यांना वाचून दाखवा आणि हँडल हातात द्या.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आइस्क्रीम उत्तम झालं, पण बादलीभर खाऱ्या पाण्याचं काय करायचं? गॅलरीत झाडं आहेत, त्यांना घालू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अजिबात नको! आमच्या परसात एक लिंबाचं झाड होतं, वर्षाला दोन बरण्या लोणचं देणारं. एका मे महिन्यात चार रविवार पॉट झाला आणि चारही वेळा ते पाणी त्याच्या बुंध्याशी गेलं, कारण मोरीपर्यंत जायचा सगळ्यांना कंटाळा. जूनमध्ये पानं कडेने करपली, दिवाळीपर्यंत खराटा झाला. सासूबाई पुढे दोन वर्षं प्रत्येक पाहुण्याला तो खराटा दाखवत असत.

पाणी संडासात ओता आणि वरून दोन बादल्या साधं पाणी टाका. पॉटच्या लोखंडी पट्ट्या आणि दातेरी चाकं गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून त्यांना खोबरेल चोळा. त्याच संध्याकाळी करा, दुसऱ्या दिवशी गंज दिसायला लागतो.