पहिला बोर्ड घेण्याआधी

प्रिय पोरी,

तू पाठवलेला सर्फबोर्डचा फोटो पाहिला. ५ फूट १० इंच लांबी, टोकदार नोज (पुढचं टोक), निळे पट्टे, आणि विकणारा निम्म्या किमतीत द्यायला तयार. बोर्ड देखणा आहे, वादच नाही. तरी तो घेऊ नकोस. कारणं सविस्तर लिहितो, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी असाच बोर्ड पुढे केला तर तुझं तुलाच ठरवता येईल.

बोर्डावर बहुतेक वेळा मापं लिहिलेली असतात: लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी लिटर. शिकणाऱ्याने आधी लिटर वाचावेत. लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान. तो किती पाणी बाजूला सारेल आणि त्यामुळे किती भार तरंगत ठेवेल, हे त्यावरून कळतं. तुझ्या फोटोतल्या मापाचे बोर्ड साधारण २६ ते २८ लिटरचे असतात. तुझं वजन ५५ किलो. तू त्यावर पालथी झोपलीस की बोर्ड पाण्याखाली जाणार, छाती पाण्यात बुडणार आणि कितीही जोर लावून हात मारलेस तरी वेग येणार नाही. लाट मागून येते तेव्हा बोर्डाला आधीच थोडा वेग असावा लागतो. तो नसला की लाट तुझ्या खालून निघून जाते आणि तू जिथल्या तिथे. उभं राहायचा सराव लाट मिळाल्यावरच होतो. दिवसभरात दोनच लाटा मिळाल्या तर उभं राहायची संधीही दोनदाच. म्हणून माझा एकच निकष आहे: जो बोर्ड तुला सगळ्यात जास्त लाटा देईल तो तुझा पहिला बोर्ड.

यात आपला समुद्रही बघायला हवा. तू शिकणार गोव्यातल्या अश्वे-मांद्रेला, ऑक्टोबर ते मे. त्या दिवसांत तिथल्या लाटा लहान असतात, बऱ्याचदा गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आणि त्यांच्यात ढकलण्याची ताकद बेताची. सकाळी मतलई वारा असेपर्यंत पाणी गुळगुळीत राहतं. दुपारी खारा वारा सुटला की सगळं विस्कटतं. पावसाळ्यात लाटा मोठ्या होतात, पण तो समुद्र शिकणाऱ्याचा नव्हे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेवढ्यावरूनच समज. छोटा टोकदार बोर्ड उभ्या, जोरदार लाटेसाठी घडवलेला असतो. चेन्नईजवळच्या कोवळमची किंवा महाबलीपुरमची मुलं तसल्या बोर्डावर सहज वळणं घेतात. त्यांचे व्हिडिओ तू पाहतेस, मीही पाहतो. पण त्यातली कितीतरी कोळ्यांच्या घरातली आहेत. चालायला लागल्यापासून समुद्रात आहेत.

तुझ्यासाठी ८ फुटी फोम बोर्ड. त्याच्या आत हलका फोम, ताठपणासाठी बहुतेक वेळा लाकडी पट्ट्या, वर मऊ थर आणि खाली गुळगुळीत प्लास्टिक असतं. कंपनीप्रमाणे ७० ते ८५ लिटर भरतात. रुंदी २२ इंचांच्या आसपास, जाडी ३ इंचांहून थोडी जास्त. दुकानदार म्हणेल, वजनाने हलकी आहेस, ७ फूट पुरे. ऐकू नकोस. एकच गोष्ट आधी तपास: बोर्ड बगलेत धरून वाऱ्यात वाळूवरून चालता येतंय का. हात पुरत नसेल तर साडेसात फूट घे, त्याहून खाली जाऊ नकोस.

फोमच का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला लिटरइतकंच महत्त्वाचं वाटतं. गोव्याच्या पाण्यात सर्फरपेक्षा डुंबणारे जास्त. लहान मुलं असतात, साडी सावरत गुडघाभर पाण्यात उभ्या आज्या असतात. तू पडणार, बोर्ड सुटणार. फायबरग्लास बोर्डाची कडक रेल (बाजूची कड) किंवा धारदार फिन (तळाचा पंख) कुणाच्या तोंडावर बसली तर टाके पडतात. मऊ बोर्डानेही लागतं, पण कमी. माणसं दिसली की तिथून दूर जा, आणि येणारी लाट व तू यांच्यामध्ये बोर्ड कधीच धरू नकोस. पडलीस की दोन्ही हातांनी डोकं झाकूनच वर ये. पोहायला येतं असं लिहिलंस, पण तलावातलं पोहणं वेगळं. कमरेच्या पुढे जाण्याआधी परतीचा प्रवाह, म्हणजे माणसाला खोल समुद्राकडे ओढून नेणारं पाणी, कसा ओळखायचा ते शिकवणाऱ्याकडून समजून घे.

आणि लगेच विकत घेण्याची घाई कशाला? गोव्यातल्या सर्फ स्कूलमध्ये फोम बोर्ड भाड्याने मिळतात. कर्नाटकातल्या मुल्कीच्या मंत्र सर्फ क्लबसारख्या जुन्या ठिकाणी गेलीस तर शिकवणीसोबत बोर्ड मिळेलच. आज ८, उद्या ९ फूट असे बदलून पाहा. फेसाळ पाण्यात उभं राहणं जमलं आणि तरीही पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं, की मग पैसे काढ.

जुना फोम बोर्ड मिळाला तर उत्तम, पण रात्री दिव्याखाली पाहू नकोस. उन्हात ने. वरचा थर अंगठ्याने सगळीकडे दाबून बघ, कुठे फुगा आलाय का, थर सुटलाय का. तळाला चीर असेल आणि बोर्ड दिसतो त्याहून जड लागत असेल तर आत पाणी शिरलंय, सोडून दे. फिन हलवून बघ, त्यांची खाच ढिली नको. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, अडकवायचा प्लग जोराने ओढ.

बाकीचं थोडक्यात. लीश बोर्डाच्या लांबीइतकी, म्हणजे ८ फूट, आणि ती नवीनच घ्यायची. ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. फिन लवचिक असाव्यात. तीन फिनांची मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने रूढ केली, १९८१ मध्ये त्याने मोठ्या स्पर्धा तिच्यावरच जिंकल्या, आणि आज नवख्यांच्या बोर्डांवरही तीच दिसते. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचं वॅक्स लागलंच तर उष्ण पाण्यासाठीचं घे. अंगात घट्ट रॅशगार्ड घाल, नाहीतर फोमवर घासून पोट सोलवटतं.

बोर्ड उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नकोस. एप्रिल-मेच्या एका दुपारीत थर सुटतात. गोड्या पाण्याने धू, सावलीत वाळव.

लाटेच्या न फुटलेल्या भागावर डावी-उजवीकडे हवं तसं जाता यायला लागलं, की लहान बोर्डाचं बोलू. तेव्हा मी स्वतः तुझ्यासोबत येईन.

पुण्याच्या घरी ठेवणार असशील तर ८ फूट म्हणजे २.४४ मीटर. लिफ्टमध्ये उभा मावणार नाही, जिन्याने न्यावा लागेल. पैसे देण्याआधी जिन्याच्या वळणाचं माप घेऊन मला कळव.

तुझा,
काका