बेटावरचे उंदीर संपतात, मग आपल्याकडचे का नाही?

प्रश्न : सर, परदेशात एका बेटावर हेलिकॉप्टरमधून औषध टाकून सगळेच्या सगळे उंदीर संपवले असं वाचलं. त्यानं तिथले पक्षी नाही का मेले? आमचं गाव नाथसागराच्या काठाला आहे, पाण्यातल्या बेटांवर पक्षी अंडी घालतात, आन् इकडं हरभऱ्यात उंदरांनी लई वैताग आणलाय. तसंच औषध आपण बेटावर आणि रानात टाकलं तर?
– एक वाचक, पैठण तालुका

उत्तर : दादा, ते बेट बहुतेक साऊथ जॉर्जिया असणार, अंटार्क्टिकाच्या बाजूचं. सील आणि देवमासे मारणाऱ्या जहाजांतून तिथं उंदीर उतरले. बेटावर झाडच नाही, त्यामुळे पिपिट नावाचा छोटा गाणारा पक्षी गवतात जमिनीवरच घरटं करतो, समुद्रपक्षी बिळांत अंडी घालतात, आणि जमिनीवरून चालत येणारा शत्रू त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता, मग उंदरांनी अंडी-पिल्लं काही ठेवली नाहीत. २०११, २०१३ आणि २०१५ असं तीन टप्प्यांत काम केलं. मधे हिमनद्या आहेत, एका भागातले उंदीर दुसरीकडं जात नव्हते म्हणून टप्पे जमले. नंतर वास काढणारी कुत्री फिरवून खात्री केली आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. पिपिट परत आलेत तिथं.

पक्षी मरतात का, तर हो, मरतात, हे लपवण्यात अर्थ नाही. बेटांवर टाकतात ते ब्रोडिफॅकूम हे औषध रक्त गोठू देत नाही, उंदीर लगेच न मरता काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही, पण औषध त्याच्या लिव्हरमध्ये राहतं आणि तो उंदीर ज्यानं खाल्ला त्याच्याही पोटात जातं. अलास्काच्या रॅट आयलंडवर २००८ मध्ये उंदीर संपले खरे, पण ४६ बाल्ड ईगल आणि ३०० च्या वर कुरव पक्षीसुद्धा मेले. म्हणून मला ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरचं काम जास्त मोलाचं वाटतं. १९१८ मध्ये एक जहाज तिथं अडकलं, त्यातून उंदीर आले आणि काही वर्षांतच तिथल्या पक्ष्यांच्या ५ जाती कायमच्या गेल्या. २०१९ मध्ये औषध टाकायच्या आधी त्यांनी वूडहेन हा न उडणारा पक्षी मोठ्या संख्येनं पकडून पिंजऱ्यांत सांभाळला, धोका टळल्यावर सोडला, आणि आता त्यांची संख्या चांगली वाढलीय. तरीही २०२१ मध्ये उंदीर परत दिसलेच, लगेच कुत्री आणि सापळे घेऊन मागं लागावं लागलं.

आता आपलं. हे काम तिथंच करावं जिथं शेवटच्या उंदरापर्यंत औषध पोचतं आणि नवा उंदीर येऊ शकत नाही. नाथसागराचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, काही बेटं काठाला जोडली जातात, गाळपेर होते, उंदीर चालत येतात, आणि पाणी असलं तरी त्यांना चांगलं पोहता येतं. वर ते अभयारण्य आहे, वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथं विष टाकता येत नाही, त्यामुळे तो विचार सोडाच. अंडी उंदीर खाताना दिसले तर वनखात्याला कळवा.

रानातल्या उंदरांचं वेगळं आहे. ते इथलेच आहेत, आणि त्यांना खाणारे गव्हाणी घुबड, धामण, मुंगूसही इथलेच. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. दोन-तीन दिवस त्यांच्यात ज्वारीचा भरडा तेल लावून नुसताच ठेवा, सवय लागली की मग झिंक फॉस्फाईड मिसळा, नाहीतर एकदा पोट दुखलं की उंदीर परत तोंड लावत नाही. आमिष बिळाच्या आत टाकून तोंड बंद करा, बांधावर उघडं कधीच ठेवू नका, जनावरं खातात. हातमोजे घाला. मेलेले उंदीर खोल पुरा. घुबडांना बसायला आडव्या काठीचे पक्षीथांबे उभे करा, आणि धामण दिसली तर कुणाला मारू देऊ नका, ती विषारी नसते. हे सगळं शेजारच्या चार-पाच रानांत एकाच आठवड्यात झालं पाहिजे, घाटे भरायच्या आधी, नाहीतर त्यांच्याकडचे उंदीर लगेच तुमच्या बिळांत येऊन बसतात.