दुर्बीण गॅलिलिओने शोधली का? चष्मा आधी आला, मग दुर्बिणीला तीनशे वर्षं का लागली?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. चष्म्याची भिंगं तेराव्या शतकापासून होती, तर दुर्बीण यायला १६०८ साल का उजाडावं लागलं? आणि या इतिहासाचा आपल्या बेळगाव भागाशी काही संबंध आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात सापडायच्या आधी शहापुरातल्या एका माडीवर मिळालं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझे काका भिंगं घासायचे. ही १९८०च्या दशकातली गोष्ट. चष्म्याची दुकानं नंबर लिहून पाठवायची आणि काका कच्च्या काचेवर तो नंबर चढवून द्यायचे. ज्या गोलाईचं भिंग हवं त्याच गोलाईचा लोखंडी साचा असायचा, त्याला ते टूल म्हणत. काच डांबरानं मुठीला चिकटवायची, टूलवर एमरीची पूड आणि पाणी टाकायचं आणि घासत राहायचं. जाड पुडीचा आवाज खरखरीत असतो. पूड बारीक होत जाते तसा तो मरत जातो. दर वेळी पूड बदलताना हात, बादली, टेबल, सगळं धुवायचं. ते काम माझ्याकडे असायचं, कारण जाड पुडीचा एक कण जरी मागं राहिला तरी काचेवर चरा उठतो आणि तासाभराचं काम वाया जातं. शेवटी फेल्टवर लाल पावडर लावून पॉलिश. मग काका भिंग खिडकीच्या गजासमोर धरून हलवायचे. गज उलट्या दिशेला सरकला तर प्लस, भिंगाबरोबरच सरकला तर मायनस.

त्यांचा एक शब्द माझ्या कानात राहिला आहे, ‘कड पडली’. घासताना हात जरासा डुलला की काचेची कड मधल्या भागापेक्षा जास्त झिजते. मध्ये एक गोलाई, कडेला दुसरीच. चष्म्यात ते फारसं जाणवत नाही. वाचताना डोळा एका वेळी भिंगाच्या बाहुलीएवढ्याच तुकड्यातून बघत असतो. तेवढा तुकडा बरा असला की अक्षर स्वच्छ दिसतं.

सातवी-आठवीत असताना मी दोन नापास भिंगं घेतली आणि कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आणून दुर्बीण केली. माडीवरनं येळ्ळूरचा राजहंसगड बघायला गेलो, तर सगळं धुक्यातनं बघितल्यासारखं. गड मोठा दिसत होता, पण त्याला कडच नव्हती. काका वर आले. “काय करालास उन्हात?” मी नळी दिली. त्यांनी डोळ्याला लावली, खाली गेले आणि एक जुनं पोस्टकार्ड घेऊन आले. त्याला पंचवीस पैशांच्या नाण्याएवढं भोक पाडून त्यांनी ते पुढच्या भिंगावर चिकटवलं. “कडेला काच खोटी असते रे. मधल्या खऱ्या काचेतनंच बघायचं.” चित्र अंधुक झालं, पण तटाची भिंत आभाळापासून सुटी झाली. मी संध्याकाळपर्यंत खाली आलो नाही.

आता इतिहास. चष्मा इटलीत १२८६च्या आसपास निघाला. फ्लॉरेन्समध्ये १३०६ साली जॉर्दानो दा रिवाल्तो या धर्मोपदेशकानं प्रवचनात सांगितलं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. ती सगळी वाचनासाठीची बहिर्गोल, म्हणजे प्लस नंबरची भिंगं होती. दूरचं न दिसणाऱ्यांसाठीची अंतर्गोल, म्हणजे मायनस नंबरची भिंगं पंधराव्या शतकात आली. १४६२ साली मिलानच्या ड्यूकनं फ्लॉरेन्सहून डझनांनी चष्मे मागवले, त्यात जवळचे होते तसे लांबचेही होते. म्हणजे दुर्बिणीला लागणारी दोन्ही भिंगं दुर्बिणीच्या दीडशे वर्षं आधी एकाच दुकानात मिळत होती. एक पुढं आणि एक मागं धरून कुणी बघितलंच नसेल, हे मला पटत नाही. बघितलं असेल आणि माझ्यासारखंच धुकं दिसलं असेल.

रॉल्फ विलाख या अभ्यासकानं मठांत आणि संग्रहालयांत उरलेली जुनी भिंगं मोजून नेमका हाच मुद्दा मांडला आहे. दुर्बिणीचं पुढचं भिंग एका वेळी अख्खं वापरलं जातं. कड पडलेली असली तर प्रत्येक भागाचं चित्र वेगळ्या जागी पडतं आणि सगळं एकमेकांत मिसळतं. त्याच्या मते हान्स लिपरहेचं खरं काम म्हणजे पुढच्या भिंगाची कड झाकणं. मला हे वाचताना काकांचं पोस्टकार्डच दिसत होतं.

लिपरहे हा नेदरलँड्समधल्या मिडलबर्ग गावचा चष्मे करणारा कारागीर. २ ऑक्टोबर १६०८ रोजी त्याचा पेटंटचा अर्ज हेगमध्ये स्टेट्स जनरल या देशाच्या प्रतिनिधी सभेपुढे आला. काही दिवसांतच आल्कमारच्या याकोब मेटियसचाही तसाच अर्ज आला. ही युक्ती झाकून राहणारी नाही असं म्हणून सभेनं पेटंट नाकारलं, पण दोन्ही डोळ्यांनी बघायची उपकरणं करून द्यायला लिपरहेला ९०० गिल्डर दिले. तेव्हा दुर्बीण गॅलिलिओनं शोधली नाही, हे तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं सरळ उत्तर.

गॅलिलिओनं काय केलं, हे समजायला थोडा हिशेब हवा. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे दोन्ही भिंगांच्या नंबरांच्या भागाकारावरनं ठरतं. पुढं प्लस २ आणि डोळ्याशी मायनस ६ धरलं तर तीन पट. दुकानातल्या भिंगांत एवढंच निघायचं. वीस पट हवं तर पुढचं भिंग फार सौम्य आणि मागचं फार कडक लागतं, आणि चष्मेवाला तशी भिंगं करत नव्हता, कारण तसे डोळे घेऊन कुणी येत नव्हतं. म्हणून गॅलिलिओ स्वतः घासायला बसला.

त्याची नोव्हेंबर १६०९ची बाजाराची यादी एका पत्राच्या कागदावर उरली आहे. तोफेचे दोन गोळे, कथलाची ऑर्गनची नळी, जर्मन काचा, आरशाचे तुकडे, स्फटिक, घासायची त्रिपोली माती, लोखंडी वाट्या, राळ, फेल्ट. त्याच यादीत पांढरे चणे, तांदूळ, मिरी, साबण आणि हस्तिदंताचे दोन कंगवे. तोफेचा गोळा कशाला, असा प्रश्न पडेल. अंतर्गोल भिंग घासायला बहिर्गोल टूल लागतं, आणि तयार लोखंडी गोळा तोच. ती यादी काकांना दाखवता आली असती तर बरं झालं असतं. चणे-तांदूळ सोडले तर जवळजवळ सगळं त्यांच्या फळीवर कुठल्या ना कुठल्या रूपात होतं. घासलेल्या भिंगांतली फार थोडी कामाची निघाली, असं गॅलिलिओनंच लिहून ठेवलं आहे, आणि पुढच्या भिंगाचा काही भाग झाकावा, हेही. ७ जानेवारी १६१०ला त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले. काही दिवसांत चौथाही दिसला. ते गुरूचे चंद्र होते.

आता आपला भाग. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या मुलखावरून गेली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यासाठी उपकरणं पाठवली आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल ती घेऊन जमखंडीला आला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, आज बागलकोट जिल्ह्यात आहे. हा हर्शेल म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. आजोबा दुर्बिणीचे आरसे स्वतःच्या हातानं घासायचे. एकदा सोळा तास हात उचलला नाही, आणि बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवत होती.

नातवानं जमखंडीत दुर्बिणीला वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं उपकरण) जोडला होता. ढग येत-जात होते. मधल्या फटीत त्यानं सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेचा प्रकाश पकडला आणि तीन ठळक रेषा बघितल्या, लाल, नारिंगी आणि निळी. नारिंगी रेषा सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या ‘डी’ या रेषेजवळ होती. रेषांना ही अक्षरं दिली योजेफ फ्राउनहोफरनं. तो म्युनिकच्या काच कारागिराकडे उमेदवारी करणारा अनाथ पोरगा. १८०१ साली त्या कारागिराचं घर कोसळलं आणि ढिगाऱ्यातनं तो जिवंत निघाला. पुढं त्यानं त्या काळची उत्तम भिंगं केली आणि सूर्यप्रकाशातल्या रेषांना नावं दिली. जमखंडीत दिसलेली नारिंगी रेषा मात्र डीच्या शेजारची, वेगळीच निघाली. प्रत्येक वायूच्या रेषा ठरलेल्या असतात; ही ज्या वायूची होती त्याला हेलियम नाव पडलं, आणि पृथ्वीवर तो १८९५ साली सापडला.

घरी करून बघायचं असेल तर चष्म्याच्या दुकानात प्लस १ आणि मायनस ५ची न कापलेली भिंगं मागा. फायबरची चालतील. ऐंशी सेंटीमीटर लांबीची नळी घ्या, प्लस भिंग पुढं, मायनस डोळ्याशी, पाच पट दिसेल. आधी कार्ड न लावता बघा, मग दोन सेंटीमीटरचं भोक पाडलेलं कार्ड लावून बघा. चंद्र अर्धा असताना त्याची उजेड-अंधाराची रेघ बघा. सूर्याकडे मात्र या नळीतनं क्षणभरही बघू नका, ग्रहण असलं तरी.