लहान ‘एन’, मोठा ‘जी’

प्रश्न : माझी मुलगी डब्लिनला नोकरी करते. सुटीत ती आयर्लंडमधल्याच डॉनेगॉलला गेली आणि तिथल्या पाटीचा फोटो पाठवला. वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव, खाली इंग्रजी. आयरिश नावातल्या तिसऱ्या शब्दात आधी लहान ‘एन’ आणि मग मोठा ‘जी’! सरकारी पाटीवर अशी चूक कशी चालते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चूक नाही हो. त्या लहान ‘एन’वर तर माझा जीव आहे.

पाटीवर लिहिलंय Dún na nGall. ‘दून’ म्हणजे गढी, ‘गाल’ म्हणजे परका. ‘परक्यांची गढी’. हे परके बहुधा व्हायकिंग, म्हणजे समुद्रावरून आलेले उत्तरेकडचे लोक. आपण मालक आधी सांगतो, आयरिश माणूस गढी आधी सांगतो. मधला ‘न’ हे षष्ठीच्या बहुवचनातलं उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. पूर्वी त्याच्या शेवटी अनुनासिक होतं. ते झिजलं, पण जाताजाता पुढच्या ‘ग’ला रंगवून गेलं. म्हणून उच्चार होतो ‘दून न ङाल’.

चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं. वाक् अधिक मय, वाङ्मय. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. वर्गातलं व्यंजन आपल्याच वर्गाच्या अनुनासिकाला जागा देतं. आयरिशमध्येही ‘ग’चा ‘ङ’, ‘द’चा ‘न’, ‘ब’चा ‘म’. ‘बान’ म्हणजे ‘बायकांचा’, पण ‘बायकांचा डोंगर’ म्हणायचं तर ‘श्लीव न मान’. योगायोग म्हणाल, तर पुरता नाही: ‘देवानाम्’मधला शेवटचा ‘म्’ आणि आयरिशमधलं ते झिजलेलं अनुनासिक एकाच भाषाकुळातल्या षष्ठीचं देणं.

पहिलीतली पोरं विचारायची, ‘ग गणपतीचा, मग ङ कशाचा?’ उत्तर नसायचं, तक्त्यावर तो चौकोन रिकामाच. आता सांगेन, ङ डॉनेगॉलचा.

राहिला तुमचा लहान-मोठ्याचा प्रश्न. ‘जी’ उच्चारत नाहीत, तरी लिहितात, कारण मूळ शब्द ‘गाल’ हे डोळ्यांना कळायला हवं. विशेषनामाचं मोठं अक्षर त्याच्याच हक्काचं. ‘एन’ पाहुणा, तो लहानच राहतो. अख्खी पाटी मोठ्या अक्षरांत रंगवली तरी तो लहानच. इंग्रजांनी ‘डॉनेगॉल’ केलं आणि ङ गमावला.

मुलीला सांगा, आयरिश नावाआधी ‘कौंटी’ (म्हणजे जिल्हा) लिहिलेली पाटी दिसली तर नीट बघ. तिथे ‘दून’च्या ‘डी’लाही एक ‘एच’ चिकटलेला असतो, आणि उच्चार होतो जवळपास ‘ग़ून’.