वाळू चाळणारा मासा : लहान टाकीला कोणता सोसेल?

प्रश्न : माझी खाऱ्या पाण्याची टाकी ६० × ४० × ४० सेंटीमीटर मापाची, चार महिने जुनी आहे. क्लाउनफिशची जोडी आणि थोडे सॉफ्ट कोरल आहेत. वाळूवर सारखा तपकिरी थर बसतो. दुकानदार म्हणतात, डायमंड गोबी टाका, वाळू पांढरीशुभ्र राहील. टाकू का?

उत्तर : या टाकीत नको. दुकानदार सांगतात त्यात खोटं काही नाही, आठवड्याभरात वाळू खरोखरच पांढरी दिसू लागते. पण हा मासा सफाईसाठी वाळू चाळत नाही, पोटासाठी चाळतो. तोंडभर वाळू उचलायची, ती कल्ल्यांतून बाहेर सोडायची आणि आत अडकलेले कोपेपॉड, ॲम्फिपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव), बारीक कृमी गिळायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. तुमच्या टाकीचा तळ २४०० चौरस सेंटीमीटर, त्यातून खडकांनी अडवलेली जागा वजा करा. उरलेल्या वाळूतले जीव तो काही आठवड्यांत फस्त करतो आणि त्यांना पुन्हा वाढायला उसंतच मिळत नाही. शिवाय तो वाढतो १५ सेंटीमीटरच्या आसपास. निदान २०० लिटरची आणि चांगली मुरलेली टाकी असेल तरच त्याचा विचार करावा. त्याचे भाऊबंद, म्हणजे पिवळ्या डोक्याचा स्लीपर गोबी वगैरे, यांनाही हेच लागू.

तुमच्यासाठी आमची पहिली पसंती यलो वॉचमन गोबीला. हा फार तर १० सेंटीमीटरचा होतो. बिळाच्या तोंडाशी बसून समोरून वाहत येणारं अन्न टिपतो, त्यामुळे केवळ वाळूतल्या जिवांवर अवलंबून नसतो. अधूनमधून वाळू तोंडात घेतो, बीळ उकरतो. तेवढ्याने त्याच्या आसपासची वाळू हलती राहते. संपूर्ण तळ लख्ख होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. क्लाउनफिशशी त्याचं सहसा बिनसत नाही, पण लहान टाकीत दुसरा गोबी, विशेषतः त्याच जातीचा, नको. जोडी जमलेली नसेल तर मारामारी ठरलेली. याहून लहान मासा हवा असेल तर लाल पट्ट्यांचा हाय-फिन गोबी बघा. तो मात्र बुजरा असतो, दांडग्या सोबत्यांपुढे उपाशी राहतो.

वाळूचं माप आधी बघून घ्या. दाणा अर्धा ते दीड मिलिमीटरचा, अरॅगोनाइटचा (चुनखडीसारख्या खनिजाचा) असावा. खडीसारखं धारदार क्रश्ड कोरल (कोरलचा चुरा) असेल तर मासा तोंड घालत नाही, घातलंच तर इजा होते. थर ४ सेंटीमीटरचा पुरे : ६० × ४० × ४ म्हणजे ९,६०० घन सेंटीमीटर, साडेनऊ लिटरच्या वर, कोरडी वाळू साधारण १४-१५ किलो. खडक वाळूवर टेकवलेले असतील तर मासा आणण्याआधीच ते काढून थेट तळाच्या काचेवर बसवा आणि वाळू मग भोवती ओता. बीळ खणताना खडक कलतो तो नेमका या चुकीमुळे. तसंच टाकीवर ५-६ मिलिमीटर छिद्रांची जाळी हवीच; गोबी घाबरला की उडी मारतो, आणि सर्वांत जास्त घाबरतो तो पहिल्या रात्री.

तपकिरी थर हा बहुधा डायटमचा, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळाचा. नव्या टाकीत पाण्यातलं सिलिकेट त्याला पोसतं, आणि ते संपत आलं की तो आपोआप विरळ होतो. साधं नळाचं पाणी वापरत असाल तर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी घ्या. थर तांबडा-जांभळा आणि चादरीसारखा सोलून निघणारा असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. त्याला कोणताही गोबी तोंड लावणार नाही. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवणं, खाणं कमी टाकणं आणि पाणी बदलताना नळीने तो थर ओढून काढणं, एवढंच.

प्रश्न : आमच्याकडे १२० लिटरच्या टाकीत डायमंड गोबी आधीपासूनच आहे. दिवसभर वाळू चाळतो, तरी बारीक होत चालला आहे. असं का?

उत्तर : चाळतो म्हणजे खातो असं नाही. रिकामी वाळूही तो तितक्याच नेटाने चाळत राहतो, म्हणून उपासमार उशिरा ध्यानात येते. पोट आत गेलं असेल आणि डोक्यामागची पाठ खपाटीला गेली असेल तर आजपासूनच हाताने खाऊ घाला. फ्रोझन मायसिस (गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) टाकीच्याच पाण्यात विरघळवा, लांब पिपेटने त्याच्या पुढ्यात वाळूच्या अगदी लगत सोडा. पाच मिनिटं पंप बंद ठेवा, नाहीतर खाणं वाहून जातं आणि इतर मासे पळवतात. दिवसातून तीन वेळा, थोडं थोडं. सोबत तळाशी बुडणारे बारीक पेलेट द्या. खाणं वाढलं की नायट्रेटही (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारा घटक) चढणार, तेव्हा पाणी बदलण्यात हयगय नको. नीट खाऊनही भरत नसेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर पोटात परजीवी असण्याची शक्यता आहे. मग त्याला वेगळ्या टाकीत हलवून उपचार करावे लागतील. त्या टाकीत वाळू भरलेलं एक उथळ भांडं ठेवा, नुसत्या काचेवर हा मासा बिथरतो. खाऊन-पिऊन धडधाकट झाला तरी कायमचा मुक्काम मोठ्या टाकीतच हवा.

प्रश्न : वॉचमन गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी ठेवली तर वाळू जास्त खणली जाईल ना? कोरलवर वाळू पडते त्याचं काय?

उत्तर : खणली जाईल, आणि भरपूर. टायगर पिस्तूल कोळंबी बीळ खणते, गोबी पहारा देतो. तिला दिसतं फार कमी, म्हणून बाहेर पडताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला लागलेली असते. बिळाच्या छताला आधार म्हणून शंखांचे आणि कोरलचे लहानमोठे तुकडे मूठभर टाकून ठेवा. सोडताना दिवे बंद करा, रुंद नळीतून आधी कोळंबी खडकाच्या कडेला उतरवा, मग त्याच जागी गोबी. जोडी कधी तासाभरात जमते, कधी काही आठवडे लागतात. दोघं दिसेनासे झाले म्हणून खडक उचकटू नका.

तळाशी ठेवलेली झोअँथससारखी कोरल वाळूखाली जातात. ती निदान १०-१२ सेंटीमीटर उंच खडकावर हलवा. वाळू पडलीच तर पिपेटने फुंकर मारून उडवा.

प्रश्न : माशाऐवजी वाळू चाळणारा तारामासा आणला तर?

उत्तर : नको. वाळूतले जीव संपवण्यात तो गोबीच्याही पुढे, आणि पिपेटने भरवणंही तितकं सोपं नाही. एवढ्या टाकीत बहुधा उपासमारीनेच मरतो, तेही वाळूखाली, म्हणजे कळतं ते पाणी बिघडल्यावर. पाच-सहा नासेरियस गोगलगायी ठेवा. दिवसा वाळूत पुरलेल्या असतात, खाण्याचा वास आला की वर येतात, उरलंसुरलं फस्त करतात आणि येता-जाता वाळू हलवतात. वाळूवरच्या डायटमसाठी दोन-तीन सेरिथ गोगलगायी.